बाळाच्या अंगची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला ‘बाळंतिणीचा आहार’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितले. विषय चांगलाच आहे. परंतु डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि बाळंतशोपा ह्यांविषयी मी आपणांस नवे काय सांगणार? आपल्यापैकी अनेकींचा हात त्यात माझ्याहून सराईत आहे. म्हणून मी विषयाची थोडी मागची बाजू घेणार आहे. बाळंतीण जे खाते त्यातला स्निग्धांश, म्हणजे तेल, तूप, दाण्यातिळातली चरबी, बाळापर्यंत पोहोचते कशी, आणि बाळ तिचे करते काय, एवढाच आजचा प्रश्न. मी काही डॉक्टर नव्हे. परिचारिका म्हणून धुळे आणि जळगाव ह्या दोन्ही जिल्ह्यांत माझी नोकरी झाली. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार धुळ्यातच होते, तेव्हा सातपुड्याचे पाडेही पायाखालून गेले आहेत. जे वाचले आणि जे पाहिले, ते दोन्ही मिळून सांगते.

‘चरबी’ हा शब्द आपण हल्ली नाक मुरडूनच उच्चारतो. पन्नाशीच्या माणसाला ते शोभेलही. पण पोटातल्या आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत चरबी म्हणजे त्याची शिदोरी होय. तेल-तूप पचले की त्याचे बारीक घटक होतात, त्यांना मेदाम्ले म्हणतात. ही मेदाम्ले जाळून शरीर ऊब मिळवते, आणि न जाळता ठेवली तर त्यांतूनच मेंदू, डोळे आणि प्रत्येक पेशीची भिंत घडवते. एक ग्रॅम साखर जाळली तर सुमारे ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ जाळला तर ९. लांबच्या प्रवासाला निघताना आपण वजनाला हलकी पण पोटाला भारी अशी शिदोरी बांधतो, तसाच हा प्रकार आहे.

आता गर्भाचे पाहू. पोटात असताना बाळाचे मुख्य इंधन साखर. आईच्या रक्तातली साखर वारेतून अखंड झिरपत असते. बाळाला भूक लागण्याचे कारणच नसते. मेदाम्लेही वारेतून येतात, पण बाळ ती फारशी जाळत नाही. ती साठवते आणि बांधकामाला लावते. आईचे शरीरही ह्या कामी मोठ्या शहाणपणाने वागते. पहिल्या निम्म्या काळात ते आईच्याच अंगावर चरबी साठवते. शेवटच्या तिमाहीत तीच चरबी वितळवून रक्तात सोडते. ह्या काळात आईच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड दुपटी-तिपटीने वाढतात आणि तो रोग नव्हे, बाळासाठी वाढलेले ताट आहे. म्हणूनच पहिल्या चार-पाच महिन्यांत जिचे पोट रिकामे राहिले, तिच्याजवळ शेवटी द्यायला थोडेच उरते.

ही शिदोरी किती उशिरा बांधली जाते ते ऐका. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ सुमारे एक किलोचे असते आणि त्याच्या वजनात चरबीचा वाटा शेकडा तीन-चार एवढाच. म्हणजे ३५ ग्रॅम. चहाचे जेमतेम सात-आठ चमचे तेल. पूर्ण दिवसांच्या तीन किलोच्या बाळात ती सुमारे चारशे ग्रॅम असते. सगळी बेगमी शेवटच्या दहा-बारा आठवड्यांतली. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारे डीएचए नावाचे मेदाम्लही ह्याच दिवसांत सर्वाधिक जमा होते, आणि वार ते आईच्या रक्तातून निवडून निवडून बाळाकडे धाडते. जे बाळ सातव्या महिन्यात जन्मते, ते शिदोरी बांधण्याआधीच घराबाहेर पडलेले असते.

ह्याविषयीचे फार मोलाचे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गरोदरपणाच्या आधीपासून पाहणी सुरू केली. शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजीवर जगणाऱ्या, तुमच्या-आमच्यासारख्याच ह्या बायका. अठराव्या आठवड्यात त्यांचा आहार दिवसाला सुमारे १,७७० कॅलरींचा भरला. अठ्ठाविसाव्या आठवड्यात, म्हणजे नेमकी शिदोरी बांधण्याच्या वेळी, तो वाढण्याऐवजी थोडा कमीच झाला होता! त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदम्प्टन गावच्या बाळांचे ३.५ किलो.

पण खरे आश्चर्य पुढेच आहे. आपली बाळे वजनाने कमी, पोटातील इंद्रिये लहान, स्नायू कमी; पण खांद्याच्या पाठीमागची चिमूट मोजली तर चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांच्या बरोबरीची. २००३ साली ह्या मंडळींनी हे जगापुढे मांडले. दिसायला हडकुळे, पण आतून चरबी राखून ठेवलेले असे हे आपले बाळ. उपाशी गर्भ स्नायूंना कात्री लावतो, पण शिदोरी सोडत नाही. पुढे हेच मूल मोठे होऊन बसून खाऊ लागले म्हणजे त्याला मधुमेह लवकर गाठतो. आपल्या घराघरांत चाळिशीत ‘साखर’ निघते, तिचे एक मूळ आईच्या पोटात आहे, हे त्या पाहणीने शिकवले. २०१३ साली त्यांनीच आणखी दाखवले, की बाळाची वाढ आईच्या रक्तातील साखरेइतकीच तिच्या रक्तातील स्निग्धांशावरही अवलंबून असते.

आणि भगिनींनो, त्या पाहणीत एक आशेची गोष्टही निघाली. अठराव्या आठवड्याच्या सुमारास ज्यांच्या खाण्यात दूध अधिक वेळा होते, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात ज्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे आकाराने सरस निघाली. अठराव्या आठवड्यात ज्यांच्या पोटात स्निग्धांश अधिक गेला त्यांची बाळे लांबीने आणि वजनानेही बरी होती. जिला पाणी वाहणे, धुणे आणि शेतातले जड काम अधिक करावे लागे तिचे बाळ मात्र लहान. तेव्हा ‘फार खाऊ नकोस, पोर मोठे झाले तर बाळंतपण अडेल,’ असे जे आपण सुनेला बजावतो, त्याचा फेरविचार व्हावा. सातव्या महिन्यात तिच्या ताटातली भाकरी आपण काढून घेतो, ती तिच्या ताटातली नसते, नातवाच्या गाठोड्यातली असते.

आता जन्माच्या घडीकडे येऊ. नाळ कापली की साखरेचा ओघ त्या क्षणी तुटतो. पहिल्या तास-दोन तासांत बाळाच्या रक्तातील साखर खाली येते. यकृतात थोडी साखर साठवलेली असते, पण दूध मिळाले नाही तर ती अर्ध्या दिवसातच सरत येते. इकडे बाळाचा मेंदू तर त्याच्या एकूण इंधनातील निम्म्याहून अधिक वाटा मागत असतो. शिवाय आईच्या पोटातल्या ३७ अंश उबेतून ते ओल्या अंगाने बाहेर आलेले! ह्या वेळी त्याचे शरीर एकदम गाडीचे रूळ बदलते. जी मेदाम्ले आजवर साठवून ठेवली, ती ते सोडू लागते आणि जाळू लागते. ती पेशीतल्या भट्टीत नेऊन टाकण्यास कार्निटिन नावाचा एक हमाल लागतो. नवजात बाळाला तो स्वतः पुरेसा घडवता येत नाही. आईच्या दुधातून तो मिळतो. भट्टीत जळालेल्या मेदाम्लांपासून यकृत कीटोन नावाची द्रव्ये करते. मेदाम्ले थेट मेंदूला चालत नाहीत, पण ही कीटोने चालतात, आणि साखर कमी असताना मेंदू त्यांवर तग धरतो.

ऊब मिळवण्याचीही वेगळी सोय आहे. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो. स्नायूंच्या त्या हालचालीने उष्णता निर्माण होते. बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेपाशी, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची एक खास चरबी असते. ही चरबी मेदाम्ले जाळते ती केवळ उष्णतेसाठी. अंगातच ठेवलेली शेगडी म्हणा ना! परंतु तिला कोळसा लागतो, आणि तो थोडाच असतो. उघड्यावर ठेवलेले बाळ ती शेगडी रात्रभर पेटती ठेवून वाढीची सगळी शिदोरी जाळून टाकते. आणि ती संपली की बाळ गार पडते, चोखत नाही, रडतही नाही. ‘किती गुणी बाळ, रडत नाही,’ असे अशा वेळी कोणी म्हणाले तर माझ्या पोटात धस्स होते.

आपला खानदेश उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो, हे आपण जाणताच. २००४ सालच्या जानेवारीत चोपडा तालुक्यातील एका पाड्यावर मी गेले होते. आदल्या सायंकाळी घरीच बाळंतपण झालेले. बाळ १,६०० ग्रॅमचे. त्या बाईचे पहिले मूल दुसऱ्या रात्री पहाटे गार पडून गेले होते, आणि हेही जाणारच असे धरून घरातली माणसे गप्प बसली होती. बाळाचे पाय हाताला गार लागत होते, पोट मात्र अजून कोमट होते. म्हणजे कोळसा संपला नव्हता. मी त्याचे ओले धडुते काढले, डोक्याला टोपी घातली आणि आईच्या उघड्या छातीशी त्याला उभे धरून वरून लुगडे व गोधडी बांधली. तिला बसता येईना, तेव्हा पाठीशी धान्याची पोती लावली. दर दोन तासांनी दूध पिळून वाटी-चमच्याने पाजले. आई दमली की आजीने आपल्या छातीशी घ्यावे, असे ठरले. ती म्हातारी प्रथम लाजली, मग म्हणाली, “बाई, चूल फुंकता येते, तर हे का नाही येणार?” तिसऱ्या दिवशी बाळाने स्वतः चोखले. आम्ही नंतर तालुक्याला नेले ते त्याच बांधलेल्या स्थितीत.

ह्या रीतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास काचपेट्यांचा तुटवडा पडला म्हणून डॉ. एडगर रे ह्यांनी ती सुरू केली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत घेतलेल्या पाहणीचा निकाल आला: १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवल्यास मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची सेवा केली. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबात महिन्याच्या आतील बालमृत्यू शेकडा ६२ ने घटले होते. ऊब राखणे हा त्या सेवेचा एक आधार होता. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे ह्या कामाची प्रेरणा आहे. तेव्हा आशाताई दारात आल्या तर ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ म्हणून उंबऱ्यावरूनच वाटेला लावू नका.

शिदोरी संपण्याआधी नवी रसद आली पाहिजे, आणि ती म्हणजे दूध. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घट्ट, पिवळसर; तो पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे. चीक थोडाच येतो, पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला एका वेळी चमचा-दोन चमचेच पुरतात, आणि त्यात रोगाशी झुंजणारी द्रव्ये भरपूर असतात. जन्मल्यावर तासाभरात तो मिळावा. मध, गूळपाणी, घुटी ह्यांची गरज नाही. मधाने तर वर्षाच्या आतल्या बाळाला क्वचित प्राणघातक विषबाधा होऊ शकते.

पुढे दूध उतरू लागले की त्याची निम्मी शक्ती स्निग्धांशातून येते. त्यात एक मौज आहे. पाजायला घेतल्यावर आरंभीचे दूध पातळ असते, साय असते ती शेवटी. म्हणून घड्याळ पाहून इकडून तिकडे बाळ फिरवू नये. एक बाजू मोकळी होऊ द्यावी. दुसरी मौज अशी, की नवजात बाळाचे स्निग्धांश पचवण्याचे पाचक रस अजून कच्चे असतात. तर आईच्या दुधातच तो पचवण्याचे विकर, लायपेज, घातलेले असते! दूध उकळले की ते मरते, म्हणून पिळलेले आईचे दूध कधी उकळू नये. डब्यातल्या भुकटीत ही सोय नाही. एका शहरातील एका प्रसूतिगृहात बाळंतिणीच्या उशाशी न मागता ठेवलेला डबा मी पाहिला आहे. मैत्रिणींनो, १९९२ सालच्या कायद्याने अशा डब्यांची जाहिरात करण्यास आणि ते आयांना फुकट वाटण्यास बंदी आहे. काही आयांना वैद्यकीय कारणाने डबा लागतो, त्यांना दोष नाही. पण निर्णय डॉक्टरांशी बोलून व्हावा, उशाशी ठेवलेल्या डब्याने नव्हे.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट: तेल लावणे. पुण्याच्या के. ई. एम. मध्येच १२० नवजात बाळांवर झालेली एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. चाळीस बाळांना करडईचे तेल, चाळिसांना खोबरेल, आणि चाळिसांना काहीच नाही. रोज चार वेळा पाच-पाच मिलिलिटर, असे पाच दिवस. रक्त तपासले तर करडईच्या बाळांत शरीराला स्वतः न घडवता येणारी आवश्यक मेदाम्ले वाढलेली, आणि खोबरेलाच्या बाळांत खोबरेलाची संपृक्त मेदाम्ले वाढलेली! म्हणजे ‘तेल अंगात मुरते’ हे आपल्या आजीचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. मात्र म्हणून बाळाला चोळून, आपटून, उघड्यावर तासभर ठेवू नये. हलका हात, बंद खिडकी, उबदार खोली. पहिले स्नान एक दिवस तरी पुढे ढकलावे. अशक्त बाळाचे डॉक्टर सांगतील तोवर. मोहरीचे तेल नाजूक कातडीला सोसत नाही. शेकशेगडीचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नका. त्या वायूने आई आणि मूल दोघेही दगावू शकतात.

एक दुर्मिळ पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट सांगते. काही थोड्या बाळांत मेदाम्ले जाळणारे एखादे विकर जन्मतःच नसते. दूध वेळेवर मिळते तोवर बाळ ठणठणीत दिसते; पण ताप-जुलाबात रात्रभर उपास घडला की शिदोरी असूनही ती उघडता येत नाही, आणि बाळ झोपल्यासारखे होऊन बेशुद्धीत जाते. ज्या घरात एखादे मूल असे अचानक गेले असेल, त्या घराने पुढच्या बाळंतपणी डॉक्टरांना ते मुद्दाम सांगावे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ह्याची तपासणी करता येते. अशा बाळाला फार वेळ उपाशी न ठेवणे हाच मुख्य उपचार, आणि त्याने ते चांगले वाढू शकते. हे न कळल्यामुळे ‘नजर लागली’ किंवा ‘पांढऱ्या पायाची’ असे बोल त्या आईच्या माथी येतात, ते तरी टळतील.

मग गरोदर आणि बाळंतीण लेकी-सुनांनी खावे काय? महागडे काही नको. आपल्या खानदेशात शेंगदाणा आहे, तीळ आहे, करडई आहे आणि जवस आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ वर्गातील मेदाम्लाचा असतो. शरीर त्यातून डीएचए थोडेच घडवते, तरी शाकाहारी घरात जवसाची चटणी रोज असावी. खाणाऱ्यांनी तापी-गिरणेचे मासे आणि अंडी घ्यावीत. कळण्याच्या भाकरीवर तेलाची धार, मेथी-पोकळ्याची भाजी, पेलाभर दूध, एक केळे. जळगावात केळ्याला कोण महाग? वनस्पती तूप मात्र टाळा. त्यातील अनिष्ट मेदाम्ले दुधातून बाळापर्यंत जातात. २०२२ पासून सरकारने त्यांच्यावर शेकडा दोनची मर्यादा घातली आहे, तरी घरचे साजूक तूप बेताने घेतलेले बरे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या पेटीत भिशीची वही आहे, हळदीकुंकवाची भांडी आहेत. तीत एक वजनकाटा, दोन तापमापके, चार लोकरी टोप्या आणि मऊ सुती पट्टे ठेवावेत. आळीत बाळंतीण घरी आली की दोघी सभासदांनी दुसऱ्या दिवशी जाऊन हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पाय आणि पोट पाहावे. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पाय गार आणि पोट उबदार असेल तर छातीशी घेऊन पाजावे. दोन्ही गार, किंवा बाळ चोखत नसेल, तर तसेच छातीशी बांधून ताबडतोब दवाखाना गाठावा. जळगाव आणि धुळे ह्या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि गाडीसाठी १०२ व १०८ हे क्रमांक फुकट लागतात. ह्या कामाला पदवी लागत नाही. चोपड्याकडची ती आजी निरक्षर होती.

वजनकाट्याची वर्गणी आजच सुरू व्हावी असे सुचवते, आणि पहिले एकशे एक रुपये चिटणीसबाईंच्या हाती देऊन आपली रजा घेते.